वर्षावनातला मंगल परिणय

आपल्या समाजात लग्नसराई जवळ आली की आनंदाच्या आधी चिंता घरात शिरते. बाप पतपेढीच्या पायऱ्या झिजवू लागतो, आई बचत गटाच्या वहीवर कर्जाची सही करते, भाऊ साहेबांकडे ओव्हरटाइम मागतो. चार तासांचा सोहळा आणि चार वर्षांचे हप्ते, असा हा व्यवहार होऊन बसला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी आपल्याला धम्माची वाट दाखविली. आपण होम सोडला, सप्तपदी सोडली, पत्रिका आणि मुहूर्त सोडला, भटजीही सोडला. मात्र सोडलेल्या जागा रिकाम्या राहिल्या नाहीत. तिथे हॉल आला, डीजे आला, घोडा आला, ड्रोनचा कॅमेरा आला आणि पाच पक्वान्नांचा बुफे आला. भटजी गेला, पण ‘लोक काय म्हणतील’ हा नवा भटजी घरात ठाण मांडून बसला आणि त्याची दक्षिणा जुन्या भटजीपेक्षा कितीतरी भारी आहे.

अलीकडे त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. घाटमाथ्यावरच्या सदाहरित रानात, ज्याला वर्षावन म्हणतात त्या पावसाच्या जंगलात, छोटी लग्ने, साखरपुडे, सेवानिवृत्तीचे कार्यक्रम होऊ लागले आहेत. अशा निवासाला जाहिरातीत ‘इको-रिट्रीट’ म्हणतात. आपली शिकलेली मुले-मुली या जाहिराती पाहतात आणि वडीलधारी मंडळी म्हणतात, ही पैसेवाल्यांची थेरं, आपल्याला काय करायची? प्रश्न रास्त आहे. पण गेल्या वर्षी आमच्या पुतणीचा मंगल परिणय अशाच एका रानातल्या घरी झाला, त्याची तयारी आम्हांकडे होती, आणि त्या निमित्ताने जे पाहिले ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे असे वाटते. कारण त्यातला खरा प्रश्न रान की हॉल हा नाही. यजमान कोण आणि पाहुणा कोण, कोणाच्या दारात पंगत बसते आणि ती कोण वाढते, हा तो प्रश्न आहे.

आमचे थोरले बंधू मुंबईत एका कारखान्यात हेल्पर आहेत. मुलीचे जमले तेव्हा त्यांनी हॉलचा अंदाज काढला. सातशे माणसे, जेवण, सजावट, बँड, व्हिडिओ, मानपान असे सगळे मिळून सव्वाचार लाखांचा आकडा झाला. हाताशी होते दीड लाख. उरलेले कर्ज. आम्ही तो कागद पुतणीसमोर ठेवला. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. तिने कागद वाचला आणि म्हणाली, “काका, या सातशेतली मला ओळखणारी माणसं किती? माझ्या बाबांनी निवृत्त होईपर्यंत माझ्या लग्नाचे हप्ते भरायचे, हे मला नको.”

मुलगा गडहिंग्लजचा, आयटीआय करून फिटर म्हणून लागलेला. एक घर मुंबईत, दुसरे कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आणि आमचे मूळ गाव सिंधुदुर्गात. मधोमध आंबोलीचा घाट. मुलानेच सुचविले की दोन्हीकडच्या मोजक्या माणसांनी घाटमाथ्यावर यावे. सूचना चांगली होती. मग जागेचा शोध सुरू झाला.

पहिल्यांदा गेलो ते सह्याद्रीतल्या एका मोठ्या रिसॉर्टवर. त्याचे नाव इथे घेण्याचे कारण नाही, कारण तशी पुष्कळ आहेत. प्रवेशद्वाराशी कारंजे आणि कारंज्याच्या मधोमध भगवान बुद्धांची ध्यानस्थ मूर्ती. मालिशखान्याच्या दाराशी आणखी एक, स्वागतकक्षात तिसरी. व्यवस्थापकाने दर सांगितले, खोल्या दाखविल्या. आम्ही म्हणालो, मंचावर तथागतांची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर राहील. तो जरा अडखळला. म्हणाला, “बुद्धाची मूर्ती आमच्याकडेच आहे, ती वापरा. फोटो मात्र दर्शनी भागात नको. आमचे बाकीचे गेस्ट असतात.” आम्ही काही बोलणार तोच पुतणी उठली. “चला काका,” एवढेच ती म्हणाली.

बांधवांनो, याचा अर्थ नीट समजून घ्या. तथागत शोभेला चालतात, पाण्यात चालतात, मालिशखान्याच्या दाराशी चालतात, कारण तिथे ते मुके असतात. बाबासाहेबांची तसबीर लागली की तेच बुद्ध बोलू लागतात, समतेचे बोलू लागतात. म्हणून तसबीर नको. पैसे आपले, लग्न आपले. पण आपली ओळख कोपऱ्यात ठेवायची, अशी ती अट होती. ज्या जागी बाबासाहेबांना कोपरा दाखवितात तिथे आपल्या लेकीने कशासाठी उभे राहावे?

दुसरी जागा एका कार्यकर्त्याने सांगितली. आंबोलीच्या परिसरातल्या एका गावाच्या बौद्धवाडीत एक धम्मबंधू असे निवास चालवितो. त्याचे वडील मुंबईत नोकरीला होते. निवृत्तीच्या फंडातून त्यांनी गावी वीस गुंठे जमीन घेतली आणि तिच्यावरचे रान तोडू दिले नाही. मुलगा मुंबईत खाजगी कंपनीत होता; २०२० च्या टाळेबंदीत नोकरी गेली आणि तो गावी आला. जांभ्या दगडाच्या तीन खोल्या, वर कौले, समोर पडवी आणि एक मोठी उघडी पडशाळा, एवढाच त्याचा पसारा. शासनाच्या निवास व न्याहारी योजनेत त्याने नोंद केली. शाळांच्या निसर्ग सहली, एक दिवसाची धम्म शिबिरे, छोटे कौटुंबिक कार्यक्रम तो घेतो. आम्ही तसबिरीचा विषय काढला तेव्हा तो हसला. म्हणाला, “दादानू, फोटो खंय लावचो ता तुमी सांगा. भिंत आमची नाय, बाबासायबांचीच आसा.” तिथेच जागा ठरली.

पण या यजमानाच्याही अटी होत्या आणि त्या त्या रिसॉर्टच्या अटींपेक्षा कडक होत्या. ऐंशीपेक्षा जास्त माणसे नाहीत. का, तर संडासाची टाकी आणि विहिरीचे पाणी तेवढ्यांनाच पुरते. हिशेब कसा करावा हे त्याच्याकडून शिकावे. हॉलवाले खुर्च्या मोजतात, हा शोषखड्डा मोजत होता. डीजे नाही, फटाके नाहीत, रात्री रानात दिव्यांच्या माळा नाहीत. झाडाची एक फांदी तोडायची नाही. गाड्या रस्त्यालाच लावायच्या, सड्यावर आणायच्या नाहीत. आणि शेवटची अट अशी की जून ते सप्टेंबर लग्न घेणार नाही, कितीही पैसे दिले तरी.

पुतणीने विचारले, पावसात तर इथे सगळ्यात जास्त पर्यटक येतात, मग तेव्हाच का नाही? तो म्हणाला, “पावसात बेडकांची लग्ना असतत. तेंच्या लग्नात आमी बोंब मारूक कशाक जावचा?”

आम्हांला आधी ही थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मुंबईच्या जवळजवळ तिप्पट. अंजनी, जांभूळ, पिसा अशी बारमाही हिरवी झाडे इथे दाटीने वाढतात. त्या पावसाच्या रात्री नर बेडूक ओरडून मादीला बोलावितात. मलबारी उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या पानांत फेसाचे घरटे करतो. पिल्ले त्यातून खाली पाण्यात पडतात. शोभेसाठी ती फांदी तोडली तर घरटे गेले. २००९ साली शास्त्रज्ञांनी जगाला ओळख करून दिलेला एक लहानसा भेक आंबोलीच्याच नावाने ओळखला जातो. तो जांभ्याच्या सड्यावर साचलेल्या बोटभर पाण्यात अंडी घालतो. त्या डबक्यावर वऱ्हाडाची गाडी उभी राहिली की एक पिढी संपली. २०२० साली हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळ माशाची एक नवी जात सापडली. तिला नदीचेच नाव मिळाले आणि २०२१ साली शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. चिमूटभर जीव, पण जगात दुसरीकडे नाहीत.

हे ऐकत असताना आम्हांला वर्षावासाची आठवण झाली. आपण दरवर्षी आषाढ पौर्णिमा ते अश्विन पौर्णिमा वर्षावास पाळतो, विहारात ग्रंथवाचन करतो. पण हा वर्षावास सुरू कशासाठी झाला? विनयपिटकात कारण सांगितले आहे. भगवान राजगृहाच्या वेळुवनात असताना लोकांनी तक्रार केली, की हे भिक्खू भर पावसात हिंडतात, हिरवे गवत तुडवितात, बारीकसारीक जीव त्यांच्या पायाखाली मरतात. भगवंतांनी ती तक्रार रास्त मानली आणि पावसाचे तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. कार्ले, भाजे, कान्हेरीच्या लेण्यांत भिक्खू पावसाळ्यात राहत होते ते याच नियमाने. आज ज्याला पर्यावरणाचा विचार म्हणतात तो अडीच हजार वर्षांपूर्वी भिक्खूच्या पायापर्यंत पोहोचला होता. इंग्रजीत ‘रिट्रीट’ म्हणतात तो आपला वर्षावासच की! फरक एवढाच, की आपल्या वर्षावासात गवतालाही हक्क होता. त्या आंबोलीच्या पोराने पाली वाचलेली नाही. पण त्याने जून ते सप्टेंबर दार बंद ठेवले, तेव्हा तो विनयच पाळत होता.

तारीख काढण्यात आम्हांला जी सोय झाली ती सांगण्यासारखी आहे. पौष महिन्यात बहुसंख्य समाज लग्ने करीत नाही. नाताळ आणि ३१ डिसेंबरची गर्दी ओसरली की घाटावरच्या खोल्या रिकाम्या पडतात, आचारी मोकळे असतात, गाड्यांचे दर खाली येतात. आपल्याला मुहूर्ताचे बंधन नाही. मग आपण त्याच महागड्या तारखांना, त्याच गर्दीत, दुप्पट भाड्याने लग्ने का लावतो? आम्ही ३ जानेवारी २०२५ ही तारीख धरली. शुक्रवार होता, महिना पौष आणि दिवस सावित्रीमाईंच्या जयंतीचा. जोतीराव आणि सावित्रीमाईंच्या सत्यशोधक चळवळीत १८७३ साली पुरोहिताविना पहिला विवाह लागला. त्या माऊलीच्या जयंतीहून मोठा मुहूर्त आम्हांला दुसरा कोणता हवा होता?

खरी अडचण रानाची नव्हती, माणसांची होती. ऐंशी माणसे म्हणजे दोन्हीकडची मिळून ऐंशी. भावकी रागावली. मुलाचे चुलते गडहिंग्लजहून फोनवर म्हणाले, “पाचशे पानं उठली नाहीत तर आम्ही गावात तोंड कसं दाखवायचं?” आमच्या चाळीतही कुजबुज झाली, की यांनी माणसे टाळली. हा राग आम्ही चुकीचा मानत नाही. आपला समाज माणसांच्या आधारावर उभा राहिला. ज्यांना गावाने पंगतीत घेतले नाही, त्यांनी आपापसांत पंगती घालून एकमेकांना धीर दिला. तेव्हा ‘आम्हांला बोलावले नाही’ हे दुःख आपल्या लोकांत खोल जाते. छोटे लग्न करणाऱ्याने ते दुःख हसण्यावारी नेऊ नये.

तेव्हा आम्ही गडहिंग्लजला जाऊन मुलाच्या चुलत्यांसमोर बसलो. फोनवर ही बोलणी होत नसतात. ठरले असे, की मंगल परिणय आंबोलीला ऐंशी माणसांत. पुढच्या रविवारी आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात आणि त्याच्या पुढच्या रविवारी त्यांच्या विहारात सर्वांसाठी चहा-नाश्ता, वधूवरांची भेट आणि धम्मवंदना. आहेर घ्यायचा नाही. कोणाला काही द्यायचेच असेल तर विहाराच्या वाचनालयाला पुस्तक द्यावे. चुलत्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, “मग विहारात माईकवरून मी बोलणार.” आम्ही म्हणालो, पहिला मान तुमचाच. माणसाला जेवणापेक्षा मान हवा असतो, आणि मान द्यायला पैसे लागत नाहीत.

दादरहून रात्री सुटणाऱ्या तुतारी एक्स्प्रेसची तिकिटे साठ दिवस आधी, खिडकी उघडताच काढली. आमच्याकडची अडतीस माणसे. सावंतवाडीला उतरून दोन गाड्यांनी घाट चढलो. पलीकडून आजऱ्याच्या वाटेने मुलाकडची तीस माणसे आली. उरलेली वाडीतली. बौद्धाचार्य मुलाच्या तालुक्यातले होते.

विधी कसा असावा याबद्दल ४ डिसेंबर १९५६ रोजी, म्हणजे महापरिनिर्वाणाच्या दोन दिवस आधी, बाबासाहेबांनी एका पत्रात लिहिले आहे. बौद्ध विवाहविधी साधा आहे असे सांगून त्यांनी त्यातले सार सांगितले. नवे मातीचे भांडे काठोकाठ पाण्याने भरून वधूवरांच्या मध्ये ठेवावे, त्या पाण्यात सुताचा धागा सोडून त्याची दोन टोके दोघांनी हाती धरावीत, कोणी तरी मंगल सुत्त म्हणावे, दोघांची वस्त्रे पांढरी असावीत. बस्स. एवढ्या आजारपणात, मृत्यू दारात उभा असताना, त्या महामानवाने आपल्या लेकरांच्या लग्नाचा खर्च मातीच्या एका मडक्यावर आणून ठेवला होता. आपण त्या मडक्यावर किती लाखांचा मंडप चढविला, याचा हिशेब प्रत्येकाने करावा.

मडके गावच्या कुंभाराचे होते. पाणी आणले वाडीखालच्या ओढ्याचे. तो ओढा पुढे हिरण्यकेशीला मिळतो आणि हिरण्यकेशी आजऱ्यावरून गडहिंग्लजला जाते, म्हणजे मुलाच्या गावाला. बौद्धाचार्यांनी हे सर्वांना समजावून सांगितले. ते म्हणाले, इथे जे या पाण्यात टाकाल ते सुनेच्या दारात पोहोचेल. आमच्यातल्या एका पोराच्या हातात प्लॅस्टिकचा पेला होता. त्याने तो गुपचूप खिशात घातला. यापेक्षा मोठे प्रवचन आम्ही ऐकलेले नाही.

त्रिसरण-पंचशील झाले. बौद्धाचार्यांनी सिगालोवाद सुत्तातली कर्तव्ये वाचली. पत्नीने काय करावे हे आपण नेहमीच ऐकतो. पतीनेही पत्नीचा मान राखावा, तिचा अपमान करू नये, घराचा कारभार तिच्या हाती द्यावा, हे त्याच सुत्तात आहे आणि ते त्यांनी दोनदा वाचले. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या मायबहिणींना सांगितले होते, की लग्नाची घाई करू नका आणि पत्नीने पतीची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभे राहावे. माईक नव्हता. ऐंशी माणसांना माईक लागतच नाही. झाडावर शेकरूची हालचाल चालली होती, खाली धम्मपालन गाथा चालली होती. अर्ध्या तासात विधी आटोपला. सही-शिक्क्याचे कागद तिथेच भरले. विवाह नोंदणी आम्ही नंतर रीतसर करून घेतली. ती कोणीही टाळू नये.

जेवण वाडीतल्या महिला बचत गटाने केले. वडे, काळ्या वाटाण्याचा सांबारा, भात, डाळ, सोलकढी, नाचणीची खीर. पत्रावळी पानांच्या, पेले स्टीलचे. गटात वाडीच्या बायका होत्या, तशा गावातल्या दुसऱ्या घरांच्या दोघीही होत्या, कारण काम मिळते तिथे हल्ली जात मागे पडते, निदान त्या दिवसापुरती तरी. पंगत बसली तेव्हा गावातली चार मोठ्या घरची माणसेही पानावर येऊन बसली. यजमानाची म्हातारी आई वाढत होती. वाढता वाढता ती आमच्यापाशी थांबली आणि हळूच म्हणाली, “माज्या ल्हानपणी लगीन लागला की आमी कुंपणाभायर बसायचों. उरला-सुरला तां पानार पडायचा. आज पंगत माज्या दारात आसा, आणि वाढतंय मी.”

त्या माऊलीचे हे शब्द ऐकल्यावर आमच्या लक्षात आले की या लग्नाचे मोल कशात आहे. थंड हवा, हिरवे रान, फोटोतली पार्श्वभूमी यांत ते नाही. कालपर्यंत जिला कुंपणाबाहेर बसवले, ती आज यजमानीण आहे. तिच्या अंगणात कोण कसे वागेल, किती बोलेल, झाडाला हात लावील की नाही, हे ती ठरविते आणि गाव ते पाळते.

हिशेब सांगणे आमच्या पेशाला धरून आहे. प्रवास, निवास, जेवण, कपडे, दोन्ही विहारांतला चहा-नाश्ता, सगळे मिळून एक लाख अठ्ठ्याहत्तर हजार झाले. दोन्ही घरांनी निम्मे निम्मे दिले. आमच्या बंधूंना एक रुपया कर्ज काढावे लागले नाही. हाताशी होते त्यातले साठ हजारांवर उरले, ते पुतणीच्या नावावर ठेवले. तिला पुढचा अभ्यासक्रम करायचा आहे. आणि आम्ही दिलेल्या पैशातला मोठा भाग बौद्धवाडीच्या चुलींपर्यंत गेला, कुठल्या हॉलमालकाच्या तिजोरीत नाही.

आता कोणी म्हणेल, मग काय सर्वांनी आंबोलीलाच जायचे? अजिबात नाही. ज्यांना आपल्या वस्तीतले विहार आहे त्यांना त्याहून चांगली जागा जगात नाही, आणि तिथे भाडेही नाही. ऐपत नसताना रानाची हौस करणे म्हणजे हॉलचे कर्ज सोडून जंगलाचे कर्ज काढणे. पण ज्यांची माणसे दोन-तीन जिल्ह्यांत विखुरली आहेत, ज्यांना मोजक्या माणसांत कार्यक्रम करायचा आहे, त्यांनी हा मार्ग जरूर पाहावा. जाण्यापूर्वी काही गोष्टी तपासाव्यात.

जागेचा सातबारा पाहावा. घाटमाथ्यावर जमिनीचे प्रश्न गुंतागुंतीचे असतात. आंबोली, गेळे, चौकुळ येथील कबुलायतदार गावकर जमिनीचा प्रश्न तर वर्षानुवर्षे गाजला. राखीव वनात मंडप घालता येत नाही, हे लक्षात असावे. म्हातारी माणसे आणि गरोदर बाई बरोबर असतील तर दवाखान्याची सोय विचारावी. सावंतवाडीचे उपजिल्हा रुग्णालय घाट उतरून तीस किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणून एक गाडी चालकासह रात्रभर थांबवून ठेवावी. वीज जाते, फोन लागत नाही, हे घरच्यांना आधी सांगावे. २०१८ पासून राज्यात प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आहे; ती रानात तरी पाळावी. ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर बंद, हा नियम २००० सालचा आहे. पण रानात तो दिवसाही नकोच. उष्टे उघड्यावर टाकले की रानडुकरे वाडीत येतात आणि मग आपण गेल्यावर शेतकऱ्याचे नुकसान होते. आणि सर्वांत आधी विचारावे, की बाबासाहेबांची तसबीर मध्यभागी लागेल ना? उत्तर देताना समोरचा अडखळला तर पुढे बोलू नये.

शेवटी तरुणांना एक विनंती. कोकणात आणि घाटमाथ्यावर आज जमिनींना भाव आला आहे. दलाल बौद्धवाड्यांतही फिरतात. आपले लोक दोन-चार लाखांना वडिलोपार्जित गुंठे विकतात, त्या पैशांत एक लग्न दणक्यात होते, आणि वर्षभराने त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या रिसॉर्टच्या फाटकावर आपलाच पोरगा शिटी घेऊन उभा असतो. ज्या जमिनीचा तो मालक होता तिच्यावर तो पाहुण्यांना सलाम करतो. हे आपण उघड्या डोळ्यांनी पाहत आहोत. त्याऐवजी ज्यांच्याकडे थोडी जमीन आणि चार झाडे आहेत त्यांनी ती राखावीत. तीन खोल्या पुरतात. संयुक्त निकायातल्या वनरोप सुत्तात भगवंतांनी सांगितले आहे, की जे वनराई लावतात, पाणपोई घालतात, विहीर खणतात, वाटसरूला निवारा देतात, त्यांचे पुण्य रात्रंदिवस वाढत जाते. पाहुण्याला निवारा देणे हा आपला धम्म आहे, तोच व्यवसायही होऊ शकतो.

आणि मुंबई-पुण्यात राहणाऱ्या आपण सर्वांनी अशा घरांना काम द्यावे. मुलाचा वाढदिवस असो, साखरपुडा असो, निवृत्तीचा कार्यक्रम असो, शाखेचे शिबिर असो, आधी आपल्या माणसाचे अंगण विचारावे. अंगण झाडूनच परतावे, आणि पावसाळ्यात त्याने नाही म्हटले तर त्याचा तो नकार धम्माचा मानून आनंदाने मागे फिरावे.

जय भीम!